मानेतली नसेची गाठ आणि ‘लोखंड लावू नका’ची भीती

सोलापुरात व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय: “मानेत नसेची गाठ असेल तर ऑपरेशन करू नका. लोखंड लागलं की कॅन्सर होतो, आवाज कायमचा जातो. लेप लावा, गाठ विरघळते.” विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरांत हा वाचून कुणी तपासणीच टाळू नये, म्हणून लिहितोय.

आधी कॅन्सर. नस म्हणजे इथे रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू. नसेच्या वेष्टनातल्या ‘श्वान’ (Schwann) नावाच्या पेशींपासून होणारी श्वानोमा ही साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. ती कॅन्सरमध्ये बदलणं अत्यंत दुर्मीळ, आणि सुरी लागून तसं होतं याला काहीही आधार नाही. एखाद्याची गाठ मुळातच कॅन्सरची असते, ऑपरेशन उशिरा होतं, गाठ परत येते आणि खापर सुरीवर फुटतं. मात्र अंगावर फिकट तपकिरी डाग आणि जागोजागी गाठी असतील, तर तो न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाचा आजार असू शकतो. त्यात कॅन्सरचा धोका जास्त, म्हणून त्यावर नीट लक्ष ठेवावंच लागतं.

आवाजाची भीती मात्र खोटी नाही. व्हेगस नस मेंदूतून निघून मानेतून छातीत उतरते, तिच्याच फांद्या स्वरयंत्राला जातात. ती नस गाठीसकट कापली, तर त्या बाजूचा स्वरतंतू लुळा पडतो, आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. म्हणून जिथे जमेल तिथे सर्जन बारीक विद्युत्प्रवाहाने नसेचे जिवंत तंतू कुठून जातात ते तपासतात, मोकळ्या जागी आवरणाला उभा छेद देतात आणि शेंग फोडून दाणा काढावा तशी गाठ आतून काढतात. एवढं करूनही आवाज काही महिने बसू शकतो, काही जणांचा कायमचाही. सिंपथेटिक साखळीवरची (मानेतून डोळ्याकडे जाणाऱ्या नसांच्या साखळीवरची) गाठ काढली तर त्या बाजूची पापणी उतरू शकते, डोळ्याची बाहुली लहान होऊ शकते. हे ऑपरेशनआधी पेशंटला स्पष्ट सांगितलंच पाहिजे. न सांगणाऱ्या डॉक्टरवर राग येणं रास्तच.

लेप? गाठ असते खोल, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटून. लेप तिथे पोचत नाही. ती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढते, त्यामुळे ‘वाढली नाही’ याचं श्रेय फुकट लेपाला मिळतं.

प्रत्येक गाठ कापावीच असंही नाही. लहान, न दुखणारी, वयस्कर माणसाची गाठ अधूनमधून एमआरआय करून नुसती पाहत राहता येते. पण गाठ कसली आहे हे कळल्यावरच. त्याच जागी टीबीची गाठ येते, कॅन्सरचीही येते. व्हेगसची गाठ आडवी हलते, वर-खाली हलत नाही. दाबली की कधीकधी खोकला येतो. ठोके लागणारी गाठ असेल, तर स्कॅन होईपर्यंत सुई टोचू देऊ नका, ती रक्तवाहिनीजवळची वेगळीच गाठ असू शकते.

सिव्हिलच्या कान-नाक-घसा ओपीडीत जाल तेव्हा चार गोष्टी विचारा: गाठ कुठल्या नसेची, नस वाचवून काढता येईल का, ऑपरेशन चालू असताना नस तपासायचं यंत्र आहे का, आणि सहा महिने थांबलं तर काय होईल.