पांढऱ्या ठिपक्यांचा लायबेरियन ग्रीनबुल: तुमच्या आक्षेपांना उत्तर

पश्चिम आफ्रिकेतला लायबेरियन ग्रीनबुल (ग्रीनबुल म्हणजे आफ्रिकेतले हिरवट बुलबुल) ही वेगळी प्रजाती नसून तो इक्टेराइन ग्रीनबुल या आधीच माहीत असलेल्या प्रजातीचाच पक्षी असावा, असं मी लिहिलं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. संग्रहालयात जपलेल्या एका कातडीच्या डीएनएवरून अख्खी प्रजाती खोडता येत नाही, डीएनएवाले नेहमी प्रजाती कमीच करतात, आणि आता हा पक्षी मिळाला ते कावाला जंगल तोडणाऱ्यांना मोकळं रान मिळेल.

नमुना एकच आहे हे खरं. पण जर्मन पक्षी-अभ्यासक वुल्फ गाटर यांनी 1985 मध्ये 'फिलास्ट्रेफस ल्यूकोलेपिस' हे शास्त्रीय नाव दिलं, तेही पूर्व लायबेरियातल्या कावालामध्ये 1984 साली मिळालेल्या याच पक्ष्यावरून. अंगकाठी, हिरवट पाठ, पिवळसर पोट, सगळं इक्टेराइनसारखं. ठळक फरक पंखांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा. एका नमुन्यावर प्रजाती उभी राहते, तर त्याच नमुन्याच्या तपासणीने ती पडूही शकते.

डीएनए तपासणीत चुका होतात, हे मान्यच. संग्रहालयातल्या कातडीच्या पायाच्या बोटाखालून एक बारीक चकती काढतात. त्यातला डीएनए तुटलेला असतो, म्हणून एकमेकांवर थोडे चढणारे छोटे तुकडे वाचून ते जोडत जावं लागतं. घोळ होतो तो इथे. त्याच टेबलावर आधी ताज्या इक्टेराइनचं रक्त हाताळलेलं असेल, तर त्याचा कणभर अंशही जुन्या डीएनएवर मात करतो आणि उत्तर 'इक्टेराइन' असंच येतं. म्हणून जुन्या नमुन्यांचं काम वेगळ्या खोलीत करतात आणि दर खेपेला नमुना न घातलेली एक कोरी नळी सोबत चालवतात. तिच्यात डीएनए सापडला की ती खेप बाद. या पक्ष्याची तपासणी अॅबर्डीन (स्कॉटलंड) आणि ड्रेस्डेन (जर्मनी) इथे स्वतंत्रपणे झाली, निष्कर्ष एकच आला: हा इक्टेराइनच. विशेष म्हणजे हा निष्कर्ष मांडणाऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत खुद्द गाटर आहेत. स्वतः नाव दिलेल्या पक्ष्याबद्दल एवढा प्रामाणिकपणा दाखवणाऱ्या संशोधकाविषयी मला मनापासून आदर आहे. ठिपक्यांचं कारण म्हणून निबंधाचे लेखक कुपोषणाची शक्यता मांडतात: पीस वाढत असताना आहार कमी पडला तर रंगद्रव्य नीट उतरत नाही.

प्रजाती कमीच होतात, हे मात्र चूक. मादागास्करचे काही पक्षी पूर्वी याच फिलास्ट्रेफस गटात, आणि त्यामुळे आपल्या लालबुड्या बुलबुलच्या कुळात धरले जात. डीएनएने ते बुलबुलच नाहीत हे दाखवलं. आज ते बर्निएरिडी या स्वतंत्र कुळात आहेत.

जंगलाबद्दलची तुमची काळजी रास्त आहे, मलाही ती आहे. पण कावालाचं महत्त्व या एका नावावर टेकलेलं नाही. वर्गीकरणाचा निकाल देणाऱ्या त्या निबंधाच्या शीर्षकातच कावालाच्या संवर्धनाचं महत्त्व नोंदवलेलं आहे. अप्पर गिनी या पश्चिम आफ्रिकेतल्या जंगलपट्ट्यात पांढऱ्या छातीची गिनीफाउल आणि यलो-बिअर्डेड ग्रीनबुल यांसारखे जगात इतरत्र न सापडणारे पक्षी राहतात. संरक्षणाची मागणी त्यांच्या नावाने करा, ती टिकेल.

2010 आणि 2013 मध्ये कावालात हा पक्षी शोधायला गेलेल्या मोहिमांत ठिपकेवाला एकही पक्षी दिसला नाही. पुढे कुणाला दिसलाच, तर नुसत्या फोटोने हा निकाल बदलणार नाही. पिसं झडून नवी आल्यावरही ठिपके टिकतात का, जोडीतले नर-मादी दोघंही ठिपकेवाले आहेत का, हे पाहावं लागेल आणि जाळ्यात धरून रक्ताचा थेंबही घ्यावा लागेल. एवढं जुळलं तर ल्यूकोलेपिसला पुन्हा प्रजाती म्हणायला माझी काहीच हरकत नाही.