श्वास मोजून सोयाबीनचा भाव वाढते का? – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया वाचली. "श्वास मोजून सोयाबीनचा भाव वाढते का? हे एसीत बसणाऱ्याचे चोचले हायेत. आमाले भाव सांगा, श्वास नका सांगू." मागच्या लेखात मी झोपण्याआधी दहा मिनिटं श्वास मोजा आणि डोक्यातली काळजी वहीत उतरवा असं लिहिलं होतं, त्यावर हे.

नाही वाढत. २०२४ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात काय मिळत होतं, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तो ताण मनाचा नाही, खिशाचा आहे. तिथं तुमचं शंभर टक्के मान्य.

पण त्याच हंगामातली, ऑक्टोबरातली माझी गोष्ट ऐका. मळणी झाली त्या संध्याकाळी कर्जवसुलीचा फोन आला. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी व्यापारी खळ्यावर हजर. मूठभर दाणे घेतले, एक दाताखाली दाबला, "ओल हाये" म्हणाला आणि ३,६०० लावले. मी हो म्हटलं. १८ क्विंटल गाडीत भरूनही दिलं. शेजारच्या काकानं त्याच पावसातला माल ताडपत्रीवर पसरला, चार दिवस उलथापालथ केली आणि ४,२०० नं विकला. माझा माल सुकून १७ क्विंटल भरला असता असं धरलं, तरी ६,६०० रुपये गेले. ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, हे मला पाठ होतं. ताडपत्री घरातच होती. त्या सकाळी दोन्ही आठवलं नाही.

बाजार पडला त्यात माझा दोष नव्हता. हे ६,६०० मात्र न झोपलेल्या डोक्यानं घालवले. श्वास मी तेवढ्यासाठीच सांगतो. घाबरलेल्या माणसाचे ठोके वाढतात, नजर समोरच्या एका गोष्टीवरच अडकते. श्वास हळूहळू, घेतला त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोडला की व्हेगस नावाची नस हृदयाचा वेग खाली आणते. तेवढ्यात "चार दिवस थांबतो" हे तोंडातून निघू शकते. वहीचंही तसंच. एका बाजूला उद्या दुपारपर्यंत माझ्या हातात काय आहे ते, दुसऱ्या बाजूला बाकी सगळं. पहिल्या बाजूला बहुतेक दोनच ओळी येतात. आमच्या घरी ही वही बायको लिहिते. दुकानाची उधारी, पोराची फी तिलाच तोंडपाठ असते, आणि "ताण" म्हटलं की आपण फक्त वावरातल्या गड्याचा धरतो, हेही एक आहेच.

आता माझी खरी चूक, जी तुम्ही दाखवली नाही. मी सगळं एकट्यानं करायला सांगितलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. त्यात गावपातळीवरचे कार्यकर्ते लोकांशी बोलत, गरज पडली तर पुढं समुपदेशकाकडं, डॉक्टरकडं पाठवत. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणारे आधी ४.३ टक्के होते. दीड वर्षानंतर २७.२ टक्के. भाव तेव्हाही कोणी वाढवून दिला नव्हता. कोणीतरी येऊन ओट्यावर बसलं, एवढंच. मीही त्या सकाळी व्यापाऱ्याला चहा पाजण्याऐवजी काकाला हाक मारली असती तर ताडपत्री त्यानंच काढली असती.

आणि एक. दोन आठवडे झोप नाही, जेवणावर वासना नाही, वावरात जावंसं वाटत नाही, असं असेल तर तिथं माझा श्वासही पुरणार नाही अन् वहीही. प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, नाहीतर १४४१६ लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

एसीचं म्हणाल तर आमच्याकडं कूलर आहे, त्याची मोटर मे महिन्यातच जळली. सध्या तुरीला फुलोरा आहे. इकडं आले तर वावरातच या, भावावर तिथंच बोलू.