‘द एक्सपान्स’मधील भयाविषयी
‘द एक्सपान्स’ ही अंतराळातली विज्ञानकथा मालिका मुळात राजकीय असून तिच्यातील वैश्विक भय (अनाकलनीय विश्वापुढे वाटणारी भीती) तोंडी लावण्यापुरतेच आहे, हे लेखातील मत मला अजिबात पटले नाही. इरॉस या लघुग्रहावरील एक लाख माणसे प्रोटोमॉलिक्यूल या परग्रहावरून आलेल्या गूढ द्रव्याच्या तावडीत सापडतात, तेव्हा कुणी अक्राळविक्राळ प्राणी पडद्यावर अवतरत नाही. रेडिओवर त्या माणसांचे तुटक, एकमेकांत मिसळलेले आवाज तेवढे येत राहतात, आणि पुढे नाऊवू हे महाकाय जहाज आदळणार तोच तो अख्खा लघुग्रह आपणहून बाजूला सरकतो. एरवी न्यूटनच्या नियमांना इतकी जपणारी, इंजिन बंद होताच माणसे तरंगताना दाखवणारी मालिका तिथे तेच नियम मोडते, म्हणून अंगावर काटा येतो. सेरेस या लघुग्रहपट्ट्यातील वसाहतीवरच्या पाणीटंचाईचे राजकारण टँकरची वाट पाहणाऱ्या आम्हा मुंबईकरांना वेगळे समजावून सांगायला नको. पण ज्याचा थांगपत्ता नाही त्याचेच शस्त्र करू पाहणाऱ्या सत्ताधाऱ्यांमुळे हे राजकारण भयापासून वेगळे काढता येत नाही. २०१८ मध्ये तीन सीझननंतर सायफाय वाहिनीने सोडलेली मालिका अॅमेझॉनने सहाव्या सीझनपर्यंत नेली खरी, तरी रिंगमधून, म्हणजे दूरच्या सूर्यमालांकडे नेणाऱ्या प्रवेशद्वारातून, जाणारी जहाजे गिळणारे नेमके काय आहे, हा धागा अर्धवटच राहिला, याची मला मनापासून खंत वाटते.