पिंडाला कावळा शिवेपर्यंत

आधीच सांगतो, पुढे ब्लीच, डेमन स्लेयर, जुजुत्सु कायसेन आणि दांदादान या जपानी अॅनिमे (अॅनिमेशन) मालिकांतल्या बऱ्याच गोष्टी फुटणार आहेत. ज्यांचं बघायचं राहिलंय त्यांनी इथूनच मागे फिरा. नंतर इनबॉक्समध्ये शिव्या नकोत.

सप्टेंबर २०२५मध्ये डेमन स्लेयरचा 'इन्फिनिटी कासल' हा सिनेमा आपल्याकडे लागला तेव्हा भाच्याने मला ओढून नेलं. हिंदी, तमिळ, तेलुगू डबिंग होतं, मराठी अर्थातच नव्हतं. आम्ही जपानीच बघितला. १५५ मिनिटं. दोन-तीन पोरं तर नायक तान्जिरोसारखा हिरव्या-काळ्या चौकड्यांचा अंगरखा घालून आलेली. तलवारी चालल्या की शिट्ट्या. मग अकाझा या राक्षसाची, तो माणूस असतानाची जुनी गोष्ट सुरू झाली. आजारी बापाच्या औषधासाठी पाकिटं मारणारा पोरगा, पोराला आपल्यापायी चोरी करावी लागू नये म्हणून गळफास घेणारा बाप, पुढे ज्या घराने पोराला आसरा दिला त्या घराच्या विहिरीत शेजाऱ्यांनी कालवलेलं विष. शिट्ट्या बंद. शेजारी माझा सतरा वर्षांचा भाचा चष्मा काढून पुसत बसला होता. चष्मा स्वच्छ होता.

बाहेर चहा पिताना म्हणतो, "मामा, फाइट कसली भारी होती ना?" रडल्याबद्दल चकार शब्द नाही. मीही काढला नाही. माझ्या डोक्यात आजीचा दहावा चालू होता.

आजीच्या पिंडाला कावळा शिवत नव्हता. काका म्हणाले, "शेत विकणार नाही." नाही. आत्या म्हणाली, "धाकट्याच्या लग्नाचं आम्ही बघतो." नाही. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले होते. शेवटी आई पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "तुमचा पितळी डबा मी मोडीत घालणार नाही." कुठून तरी एक कावळा आला. योगायोग असेल, मी वाद घालत नाही. पण भुताखेताच्या मारामारीचं कुठलंही अॅनिमे बघताना मी तेव्हापासून एवढंच बघतो: भूत नुसतं कापलं, की कुणी त्याला विचारलं, बाबा रे, तुझं काय राहिलंय?

ब्लीचचं उदाहरण घ्या. २००४ साली सुरू झालेली मालिका. सुरुवातीलाच ओरिहिमे या शाळकरी पोरीवर एक हॉलो चालून येतो, छातीला भोक पडलेला राक्षस. तो तिचाच मेलेला भाऊ निघतो. ती हळूहळू त्याच्यासाठी प्रार्थना करायची थांबली, म्हणून तो एकटा पडून कुजत गेला. आणि ती का थांबली होती? दादाने आपल्याला रडताना बघून काळजी करू नये म्हणून. त्याने दिलेल्या केसांच्या पिना मात्र ती रोज लावते. हे कळल्यावर तो नायक इचिगोची तलवार स्वतःच स्वतःवर ओढून घेतो. शिवला कावळा! मला वाटलं, आता प्रत्येक हॉलोमागे असा एक माणूस असणार. कसलं काय. ३६६ भाग झाले पहिल्या मालिकेचे, आणि पुढे पुढे हॉलो म्हणजे नुसता तलवारीला धार लावायचा दगड. ज्या गोष्टीचा पाया 'हे कुणाचं तरी माणूस आहे' हा, तिने तोच विसरावा याचा मला अजून राग आहे.

यू यू हाकुशो त्याहून जुनं, १९९२चं, ११२ भागांचं. त्यातला युसुके पहिल्याच भागात गाडीखाली मरतो, एका लहान मुलाला वाचवताना. वर गेल्यावर कळतं की ते पोर तसंही वाचणारच होतं, याच्या मरणाची कुठे नोंदच नव्हती. मग हा पठ्ठ्या आपल्याच मयताला हजर. ज्याच्याशी रोज मारामाऱ्या केल्या तो कुवाबारा दारात आरडाओरडा करतोय, दारुडी म्हणून जिला हिणवलं ती आई कोपऱ्यात मोडून पडलीय. तिथला यमाचा मुलगा कोएन्मा तोंडात चोखणी घालून कागदांवर शिक्के मारत असतो. हा 'एन्मा' म्हणजे आपलाच यम बरं का, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचलेला. चित्रगुप्ताचं कामही लेकाच्याच गळ्यात पडलेलं दिसतं. पुढे यातही कुस्त्यांचा फड लागतो, लोकांना तोच आवडतो. मला मात्र ते मयतच आवडतं.

आता डेमन स्लेयर. तान्जिरो मरणाऱ्या राक्षसाचा हात हातात धरतो, रुई हा राक्षस मेल्यावर त्याच्या उरलेल्या कपड्यांवर पाय देणाऱ्या आपल्याच बाजूच्या गियूला 'पाय काढा' म्हणतो. हे मला मनापासून भावतं. पण एक तक्रार आहे. यात राक्षसाची गोष्ट बहुतेक वेळा मान उडाल्यावरच सांगतात. जिवंत असताना कुणी विचारायचं नाही, कापून झाल्यावर सगळ्यांनी रडायचं. प्रेक्षकाला कापाकापीची मजाही मिळते आणि पाझर फुटल्याचं पुण्यही. एकदा चालतं, दोनदा चालतं. दहाव्यांदा मी घड्याळ बघतो. (अकाझाच्या वेळी नाही बघितलं, कबूल.)

जुजुत्सु कायसेनबद्दल माझं मत दोनदा बदललंय. २०२०मध्ये पहिल्यांदा बघितलं तेव्हा कोरडं वाटलं. इथले शाप म्हणजे मेलेली माणसं नव्हेत. जिवंत माणसांची भीती, द्वेष, लाज गळून साचते, आणि शाळा, इस्पितळं अशा ठिकाणी त्याचं जनावर तयार होतं. म्हणजे कावळ्याची भानगडच नाही. इच्छा कुणाची राहिलीय? कुणाचीच नाही, किंवा सगळ्यांची थोडी थोडी. वचन कुणाला द्यायचं?

मग जुनपेईचा भाग दुसऱ्यांदा बघितला. शाळेत छळ सोसलेला एकलकोंडा पोरगा, नायक युजीशी नुकतीच सिनेमांवर गप्पा मारून दोस्ती झालेला. माहितो नावाचा शाप त्याच्या शरीराचं होत्याचं नव्हतं करतो. युजी आपल्याच अंगात वस्तीला असलेल्या सुकुना या शापापुढे गयावया करतो, याला वाचव, हवं ते घे. आणि सुकुना व माहितो दोघंही हसतात. खो खो हसतात. तेव्हा उमगलं की हा कोरडेपणा नाही, लेखकाचा नकार आहे. इथे कुणी मोकळं होणार नाही, हे तो पहिल्यापासून बजावतोय. शिबुयातल्या लढाईत युजीचा वडीलधारा साथीदार नानामी मेला तेव्हा मी तयार होतो. तरीही दोन दिवस ऑफिसात डबा गोड लागला नाही. पैशाची नोकरी सोडून हा माणूस परत का आला, तर बेकरीतल्या मुलीच्या खांद्यावर बसलेला एक फालतू शाप त्याने झटकला आणि ती मनापासून 'थँक यू' म्हणाली, म्हणून. मोठमोठ्या लढायांपेक्षा मला तो खांदा लक्षात राहिलाय.

बाकी त्यातली नियमांची चर्चा मात्र असह्य होते. आपलं तंत्र शत्रूला समजावून सांगितलं की ताकद वाढते हा तिथला नियमच आहे, मान्य. पण रक्त गळत असताना फेरफाराची नोंद वाचावी तसं किती वाचायचं?

खांद्यावरून आठवलं, मॉब सायको १००मधला रेगेन. पक्का भोंदू. अंगात शक्ती शून्य. भूत उतरवायला साधं मीठ फेकतो, आणि खरी शक्ती असलेल्या शाळकरी मॉबला तासाला ३०० येन देऊन राबवतो. खांदा जड झालाय, भूत बसलंय म्हणणाऱ्याला तो छान मालिश करून देतो. गिऱ्हाईक खूश! सगळ्या जपानी तलवारबाजांत दुसऱ्याचं नीट ऐकून घेणारा माणूस मला हाच भेटला, हे जरा गमतीचंच.

आणि दांदादानचा सातवा भाग. लांब केसांचं अचाट भूत, अॅक्रोबॅटिक सिल्की. एकटी आई, कर्ज, पडेल ते काम, लेकीसाठी घेतलेला लाल ड्रेस, मग वसुलीवाले येऊन पोरीलाच उचलून नेतात. जवळजवळ न बोलता सगळं दाखवलंय, नाचत नाचत. शेवटी आयरा ही शाळकरी पोरगी, जिची ती आई नव्हेच, तिला मिठी मारते आणि 'आई' म्हणते. एवढंच हवं होतं तिला. पितळी डबाच तो.

भाच्याला हे सगळं ऐकवलं तर म्हणाला, "मामा, तू फाइट बघतच नाहीस, मग कशाला बघतोस?" त्याला यू यू हाकुशो लावून दिलंय. सतराव्या भागावर आहे. चित्र चौकोनी आहे म्हणून रोज कुरकुरतो. मयताच्या प्रसंगाबद्दल विचारलं तर म्हणाला, "ठीक होतं," आणि चष्मा पुसायला लागला.