कडं काढा आणि कढत पाणी मिळवा, म्हणे!

परवा दुपारी आत्याचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "अगं, बाळ्याने शॉवर दुरुस्त केला. ग्रुपवर आलं होतं ना, अगदी तसंच केलं. आतलं ते लाल कडं काढून टाकलं. आता काय कढत पाणी येतं म्हणून सांगू!"

आत्याचा मधुमेह जुना आहे. तळपायांना गार-गरम धड कळत नाही. मागे एकदा चालताना पायातली चप्पल निसटली, ते तिला दारापर्यंत गेल्यावर कळलं. मी म्हटलं, आत्या, आज बादलीतच आंघोळ कर, आणि बाळ्याला तो मेसेज मला पाठवायला सांग.

मेसेज आला. तुमच्यापैकीही बऱ्याच जणांकडे पोचला असेल. 'शॉवर मध्येच चटका देतो? प्लंबरचे नखरे सोडा, 5 मिनिटांत कार्ट्रिज स्वतः बदला!' खाली सहा मुद्दे आणि शेवटी 'पुढे पाठवा, कुणाचे तरी पैसे वाचतील'. नळांची कामं मी हौसेने करते. कार्ट्रिज म्हणजे हँडलच्या मागे व्हॉल्व्हमध्ये बसणारा, गार-गरम पाणी मिसळणारा आणि बंद करणारा भाग. तीही बरीच बदलली आहेत, त्यातली पहिली दोन-तीन चुकवून. त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

सगळ्यात घातक मुद्दा पाचवा, म्हणून त्यालाच आधी हात घालते. तो असा: 'कंपनीवाले आत प्लास्टिकचं कडं घालून गरम पाणी मुद्दाम अडवतात. ते काढून फेका. व्हॉल्व्ह प्रेशर बॅलन्सिंग असल्यामुळे भाजायची भीती नाहीच.'

अहो, या व्हॉल्व्हला दाब कळतो. तापमान कळत नाही! आत एक छोटा पिस्टन असतो, इकडून तिकडे सरकणारा. त्याच्या एका बाजूला गरम पाण्याचा दाब, दुसऱ्या बाजूला गार पाण्याचा. घरात कुणी फ्लश ओढला, गार पाण्याचा दाब पडला, की पिस्टन सरकतो आणि गरम पाण्याची वाटही तेवढीच अरुंद करतो. दोन्हींचं प्रमाण राखायचं, एवढंच त्याचं काम. गिझर 65 अंशांवर ठेवून हँडल गरमच्या टोकापर्यंत फिरवलंत, तर हा व्हॉल्व्ह जवळपास 65 अंशांचंच पाणी तुमच्या अंगावर ओतेल, तेही इमानेइतबारे, धार जराही न हलवता. तापमान ओळखणारे व्हॉल्व्ह वेगळे, ते थर्मोस्टॅटिक. अमेरिकेतल्या एएसएसई 1016 या मानकात दोघांचे प्रकारच वेगळे नोंदले आहेत: दाबावर चालणारा 'पी', तापमानावर चालणारा 'टी'. बाळ्याच्या मेसेजने दोघांची खिचडी केली आहे.

म्हणूनच तर ते कडं असतं. हँडल गरमच्या बाजूला किती फिरू द्यायचं, ते त्याच्या दात्यांवर ठरतं. अमेरिकेतल्या प्लंबिंगच्या नियमांत शॉवरच्या पाण्याची कमाल मर्यादा 49 अंश सेल्सिअस धरली आहे. हा आकडा कुणा कंपनीने तुमची आंघोळ बिघडवायला काढलेला नाही. 1947 साली मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या दोघांनी अमेरिकन जर्नल ऑफ पॅथॉलॉजीत किती अंशांना कातडी किती वेळात जळते त्याचं मोजमाप छापलं. 44 अंशांना सुमारे सहा तास लागतात. 49 ला साधारण नऊ मिनिटं. 55 ला अर्धा मिनिट. आणि 60 ला पाच सेकंद! 49 वरून 60 वर, म्हणजे फक्त अकरा अंश वर गेलं, की नऊ मिनिटांची पाच सेकंदं होतात. त्या नऊ मिनिटांत माणूस बाजूला होऊ शकतो. पाच सेकंदांत साबण डोळ्यांत गेलेला माणूस हँडलसुद्धा शोधू शकत नाही. हे सगळं धडधाकट मोठ्या माणसाच्या कातडीचं. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी पातळ, ती आणखी लवकर भाजते. शिवाय आत्याच्या पायांना चटका बसला तरी तो तिला सांगणार कोण?

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. थंडीत पाणी कोमट येतं ही तक्रार खोटी नाही. नळाचं गार पाणीच जास्त गार असतं, त्यामुळे उन्हाळ्यात बरोबर लावलेलं कडं थंडीत कमी पडतं. अशा वेळी कडं एक-दोन दाते सरकवायचं असतं आणि उन्हाळा आला की परत मागे आणायचं. शॉवरखाली पेला धरून थर्मामीटर बुडवा, हँडल गरमच्या टोकाला, आकडा 49 च्या आत. सरकवणं वेगळं आणि उपटून फेकणं वेगळं.

त्याच ग्रुपवर एका शहाण्याने उत्तर दिलं होतं, 'मग गिझरच 45 वर ठेवा.' नका ठेवू. साठवणीच्या टाकीत 20 ते 45 अंशांमध्ये लिजिओनेला नावाचे जंतू सुखाने वाढतात. टाकी गरमच हवी, म्हणजे 60 च्या आसपास. लगाम शॉवरपाशी.

बाकीचे मुद्दे भराभर घेते, फक्त दुसऱ्यापाशी थोडं थांबावं लागेल. 'मेन कॉक बंद करायची गरज नाही, हँडल बंद असलं की पुरे.' हे लिहिणाऱ्याने आयुष्यात एकही कार्ट्रिज काढलेलं नाही. हँडल बंद केल्यावर पाणी अडवतं कोण? कार्ट्रिजच ना! आणि तुम्ही तेच बाहेर ओढायला निघालात. दार चौकटीतून उखडायचंय आणि म्हणे कडी लावली की झालं. गार आणि गरम, दोन्ही लाइनी बंद करायच्या. काही व्हॉल्व्हच्या बॉडींना (म्हणजे भिंतीतल्या पितळी भागाला) हँडलभोवतीच्या तबकडीच्या मागे दोन्ही बाजूंना स्क्रूचे कॉक असतात, तिथे स्क्रू ड्रायव्हरने काम भागतं. मग हँडल उघडून दाब मोकळा करायचा. हे विसरलात तर छातीवर गरम पाण्याची पिचकारी ठरलेली.

'कुठलंही कार्ट्रिज चालतं, साइज एकच असते.' अजिबात नाही. मोएन या नळांच्या कंपनीचं 1222 नंबरचं कार्ट्रिज दाब सांभाळतं, त्यांचंच 1225 सांभाळत नाही, आणि एकाच्या जागी दुसरं बसत नाही. जुनं कार्ट्रिज हातात घेऊन जा, संपला विषय.

'निघत नसेल तर पकडीने पिळा, हातोडी मारा.' आधी लॉकची क्लिप काढली का ते बघा! दहातल्या निम्म्या वेळा तीच राहिलेली असते. (आणि क्लिप काढण्याआधी जाळीवर फडकं टाका. ती उडते आणि थेट मोरीत जाते, अनुभव आहे.) तरी अडलं तर कार्ट्रिज ओढायचं खास हत्यार मिळतं. पिळापिळी केलीत तर गाभा हातात येतो आणि कवच भिंतीतल्या पितळी बॉडीत अडकून बसतं. त्या बॉडीला आतून ओरखडा गेला, की नवं कार्ट्रिजही गळतं आणि मग टाइल्स फोडा.

'ओ-रिंगला व्हॅसलीन लावा.' ओ-रिंग म्हणजे गळती रोखणारी रबरी चकती, बऱ्याचदा ईपीडीएम नावाच्या रबराची. व्हॅसलीनसारख्या पेट्रोलियमच्या पदार्थांनी ते रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीस लावा.

'आधी व्हिनेगरमध्ये भिजवून बघा.' हे मात्र बरोबर आहे, मान्य करायलाच हवं. कार्ट्रिज कानाशी धरून हलवा. पिस्टन मोकळा असेल तर आत टकटक वाजतो. काहीच वाजलं नाही तर तो क्षाराने जाम झालाय, आणि कधी कधी व्हिनेगरने सुटतो. नेहमी नाही.

मेसेजमध्ये जे नाहीच, ते माझ्याकडून. नवं कार्ट्रिज बसवलं आणि पाणी ठिबकतंय एवढंच, तर लगेच दुकानदाराच्या नावाने ओरडू नका. मी एकदा तेच कार्ट्रिज तीन वेळा काढून घातलं. चौथ्यांदा लक्षात आलं, गरम लाइनचा कॉक बंदच होता. एका बाजूला दाब नसला की पिस्टन दुसरी वाटही आवळतो. बिचारं आपलं काम चोख करत होतं. आणि गरमच्या बाजूला गार आलं तर बऱ्याच कार्ट्रिजांत ते 180 अंश फिरवून बसवलं की झालं.

काल संध्याकाळी आत्याकडे गेले. कडं बाळ्याने फेकलं नव्हतं, स्क्रूंच्या डबीत होतं. आधी कुठल्या दात्यावर होतं ते अर्थात त्याला आठवेना. अंदाजाने बसवलं, पेला धरला, 44. आत्याने धारेखाली हात घातला आणि तोंड वाकडं केलं, "कमीच आहे गं." एक दाता पुढे सरकवला. 47. तिथेच स्क्रू आवळला.