‘सातनंतर खाल्लं की चरबीच’ या संदेशाबद्दल खुलासा

‘संध्याकाळी सातनंतर खाल्लेला प्रत्येक घास चरबी होतो आणि मोबाइलला नाइट मोड लावला की झोपेला धोका नाही,’ असा संदेश सध्या घरोघरच्या ग्रुपवर फिरतो आहे. दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

सातचा आकडा शरीराला कळत नाही. खाणं आणि झोप यांत किती अंतर आहे, याला महत्त्व आहे. रात्री शरीरात मेलाटोनिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं. ते झोपेची तयारी करतं, तसंच स्वादुपिंडातून येणारं, रक्तातली साखर उतरवणारं इन्सुलिनही कमी करू शकतं. स्पेनमध्ये ८४५ जणांना झोपण्याच्या चार तास आधी आणि, दुसऱ्या दिवशी, एक तास आधी ग्लुकोजचं पाणी दिलं गेलं. उशिरा प्यायल्यावर रक्तातली साखर जास्त चढली. हा अभ्यास २०२२चा. तेव्हा अकराला झोपणाऱ्याने आठला जेवण्यात काही वावगं नाही. साडेदहाची चिवड्याची वाटी मात्र टाळावी.

नाइट मोडने फक्त पडद्याचा रंग बदलतो. खोलीतली ट्यूबलाइट तशीच डोळ्यांवर येत राहते. टीव्ही चालू ठेवून झोपणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं: शिकागोतल्या प्रयोगात एकच रात्र मध्यम उजेडात झोपलेल्या निरोगी तरुणांमध्ये सकाळी इन्सुलिनचा प्रभाव कमी झालेला दिसला.

आणि एक कळकळीची विनंती. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी असा संदेश वाचून रात्रीचं जेवण सोडू नये. झोपेत साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. वेळ बदलायची असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.