फळ्यावरचा आकडा दिसत नाही, म्हणूनच

'द स्पॅनिश प्रिझनर' (१९९७) या सिनेमावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुम्हाला तो संथ वाटला. 'संथ' या शब्दावरून मी भांडणार नाही. त्यातली माणसं अशी बोलतात की रोज सकाळी संवाद घोकूनच घराबाहेर पडत असावीत. लेखक-दिग्दर्शक डेव्हिड मॅमेटची ही खोड पहिल्या वीस मिनिटांत मलाही खटकली होती.

पण तुम्ही विचारता, नायक जो रॉसने नेमका कसला शोध लावलाय हेच कळत नसेल, तर तो चोरीला गेला काय नि राहिला काय? सिनेमात त्याला नुसतं 'प्रोसेस' म्हणतात. त्यातून होणाऱ्या नफ्याचा आकडा जो रॉस फळ्यावर लिहितो तेव्हा वरिष्ठांचे चेहरे दिसतात, आकडा दिसत नाही. दिसला असता तर आपण हिशेब करत बसलो असतो. आता मात्र जोला कुरतडणारी एकच गोष्ट आपल्यालाही कुरतडते: साहेब माझ्या वाट्याचं धड बोलत का नाहीत? स्टीव्ह मार्टिनने रंगवलेला श्रीमंत जिमी बोट ठेवतो ते नेमकं याच दुखऱ्या जागी.

जिमी जोला आपल्या बहिणीसाठी एक पुडकं देतो. जोला विमानात शंका येते, तो ते फोडतो. आत टेनिसवरचं जुनं पुस्तक, बस्स! वर फोडताना त्याची बांधणी फाटते. ओशाळलेला जो दुसरी प्रत विकत घेतो. ज्याच्यावर आपण उगाच संशय घेतला, त्याच्यावर पुन्हा संशय घ्यायला मन धजत नाही. पुढे क्लबच्या सभासदत्वाचा म्हणून ज्या कागदावर जो रॉस सही करतो, तो निघतो व्हेनेझुएलाकडे राजकीय आश्रय मागणारा अर्ज.

मी पहिल्या नोकरीत रुजू झालो तेव्हा एचआरच्या बाईंनी खुणा करून ठेवलेल्या सगळ्या जागी, एक ओळही न वाचता, सह्या ठोकल्या होत्या. तुम्ही वाचल्या होत्यात?

"उन्हातल्या बेटावर सुरू होणारा सिनेमा न्वार कसला," हे मात्र पटलं नाही. न्वार म्हणजे गुन्हेगारीचा काळोखा सिनेमा, खरं; पण कोपऱ्यातल्या सावल्या आणि पावसाळी गल्ल्या असल्या की माणूस आधीच सावध असतो. इथे सगळे हसतमुख, इस्त्रीचे कपडे घातलेले. नावातला 'स्पॅनिश कैदी' हाही जुना गंडाच: तुरुंगातल्या धनिकाला सोडवायला पैसे पाठवा, मग घबाड तुमचं. नायजेरियन राजपुत्राचे ईमेल त्याचेच वंशज.

शेवट फार सोयीचा आहे, हे मान्य. तिथे मॅमेटने अंग चोरलंय. तरी एकदा पुन्हा बघा, आणि त्या फाटक्या पुस्तकावर नजर ठेवा. ते पुढे लागतं.